हूलच्या मुलखात: पाकूर ते टुंडी

११ जानेवारी, हावडा ते पाकूर

बर्धमान मागे पडलं आणि गाडी साहिबगंज लूपला लागली, तशी खिडकीबाहेरची माती तांबूस व्हायला लागली. बोलपूर, सैंथिया, रामपूरहाट, नलहाटी. भात कापून झालेली खाचरं, मधेच एखादं तळं, ताडाची झाडं. नलहाटीनंतर क्षितिजावर टेकड्यांची निळी रेघ दिसू लागली. याच राजमहाल टेकड्या. हा रेल्वेमार्ग टाकायचं काम चालू असताना, १८५५ च्या पावसाळ्यात, या टेकड्यांमधल्या संथाळांनी ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध धनुष्यबाण उचलले. १८५७ च्या दोन वर्षं आधी. शाळेच्या पुस्तकात या उठावाला दोन ओळी मिळतात. संथाळ त्याला हूल म्हणतात.

मी अकोले तालुक्यातली. आमच्याकडे राघोजी भांगरे यांचं नाव घराघरांत आहे. सावकारांची नाकं कापणारे, कर्जाचे कागद जाळणारे महादेव कोळ्यांचे नाईक. इंग्रजांनी त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यानंतर सातच वर्षांत देशाच्या दुसऱ्या टोकाला, राघोजींचं नावही कानावर न आलेल्या माणसांनी तेच केलं, आणि पन्नासपट मोठ्या संख्येनं केलं. ते कसं घडलं, ते त्या जागी जाऊन बघायचं माझ्या मनात फार दिवस होतं. सोबत शाळेपासूनची मैत्रीण आहे.

बीरभूममधून जाताना आणखी एक गोष्ट मनात येते, ती टाळून पुढे जाणं बरं नाही. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी या प्रदेशात वर्षानुवर्षं लूट केली. बंगालीत ‘बर्गी’ म्हणून त्यांची भीती घालून पोरं झोपवत. शेजारच्या बाकावरच्या बंगाली काकांनी आम्ही महाराष्ट्रातल्या हे कळल्यावर पहिला शब्द तोच काढला, अगदी हसत, आणि मग आम्हांला मुरी-घुगनी खाऊ घातली.

पाकूरला उतरल्यावर सामान टाकून थेट मार्टेलो टॉवर गाठला. साधारण तीस फूट उंचीचा गोल, जाड भिंतींचा बुरूज. आता भोवती बाग आहे, संध्याकाळी पोरं खेळायला येतात. १८५६ मध्ये इथले उपविभागीय अधिकारी मार्टिन यांनी तो बांधून घेतला. भिंतीत चहूबाजूंना बंदुकीची नळी बाहेर काढण्यापुरती भोकं आहेत. आत उभं राहून एका भोकातून बाहेर पाहिलं, तर बागेचा अरुंद तुकडा तेवढा दिसतो. संथाळांनी पाकूर लुटलं, ते पुन्हा चालून आले तर रेल्वेचे नि कंपनीचे गोरे लोक आत शिरून गोळीबार करतील, अशी ही सोय. ज्यांच्याजवळ बाण, फरशी कुऱ्हाडी आणि तलवारी एवढंच होतं, त्यांच्या धाकानं राज्यकर्त्यांनी गावाच्या मधोमध दगडविटांचा कोट उभारला! हूल फसला म्हणणाऱ्यांनी एकदा या बुरुजात उभं राहावं.

रात्री पाकूरच्या रस्त्यावर गिट्टीचे ट्रक संपता संपत नव्हते. पाकूरचा काळा दगड सगळ्या पूर्व भारतात जातो. आपल्या सह्याद्रीसारखाच हा लाव्हाचा काळा पाषाण, फक्त वयानं सह्याद्रीहून बराच थोरला.

१२ जानेवारी, बरहेट आणि पंचकठिया

सकाळी बरहेटचे एक संथाळ शिक्षक आम्हांला न्यायला आले. त्यांना आम्ही गुरुजीच म्हणतो. आज त्यांच्या शाळेला सोहरायची सुट्टी. संथाळ परगण्यात हा सण पौषात, संक्रांतीच्या अलीकडच्या दिवसांत येतो.

वाटेत गुरुजींनी गाडी थांबवून टेकडीच्या माथ्यावरची चार-दोन घरं दाखवली. ‘‘ते पहाडिया. आम्ही खाली, ते वर.’’ या दोन वाक्यांमागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. या डोंगरांचे जुने मालक पहाडिया. जंगल जाळून फिरती शेती करणारे, नांगराला हात न लावणारे. कंपनीला महसूल हवा होता, म्हणजे नांगर हवा होता. पहाडिया ऐकेनात, तेव्हा कंपनीनं संथाळांना बोलावलं. १८३२-३३ मध्ये डोंगरांच्या पायथ्याचा सुमारे तेराशे चौरस मैलांचा मुलूख दगडी खांब रोवून वेगळा काढला आणि त्याला दामिन-इ-कोह हे फारसी नाव दिलं. १८३८ मध्ये इथे संथाळांची चाळीस गावं होती, वस्ती तीन हजार. १८५१ मध्ये गावं झाली १,४७३ आणि माणसं ८२ हजारांवर. तेरा वर्षांत एवढं जंगल माणसांनी कुऱ्हाडीनं तोडून भातशेतीखाली आणलं. पहाडिया मात्र वर-वर सरकत खडकाळ माथ्यावर जाऊन बसले. हूलची गोष्ट सांगताना हे सांगायलाच हवं, आणि गुरुजींनी ते आपणहून सांगितलं याचं मला फार बरं वाटलं.

बरहेट आज चारचौघांसारखं तालुक्याचं गाव आहे. मोबाइलची दुकानं, खतांची दुकानं, सणाची गर्दी, बांगड्या, गुरांच्या शिंगांना लावायचं तेल. पण हूलच्या आधी दामिनमधली ही सगळ्यांत मोठी बाजारपेठ होती आणि हूलचं मूळ इथेच आहे. बंगाली महाजनांची, म्हणजे सावकारांची, घरं इथे वसलेली होती. संथाळांचा तांदूळ आणि मोहरी इथून बैलगाड्यांनी भागीरथीकाठच्या जंगीपूरला जायची, तिथून मुर्शिदाबाद, कलकत्ता आणि मोहरी तर पार इंग्लंडपर्यंत. बदल्यात संथाळांना मिळायचं मीठ, तंबाखू, थोडं कापड.

वजनांची गोष्ट आम्हांला बाजारातच ऐकायला मिळाली, धान्याच्या दुकानासमोर उभं राहून. महाजनाकडे वजनांचे दोन जोड असत. माल घ्यायचा तो ‘केनाराम’ वजनानं, म्हणजे जड वजनानं. द्यायचा तो ‘बेचाराम’नं, हलक्या वजनानं. देवाचं नाव दोन्हींत आहे. कर्जावर व्याज शेकडा पन्नासपासून पाचशेपर्यंत. फेडता आलं नाही की ‘कमियोती’चा कागद, म्हणजे पैसे फिटेपर्यंत महाजनाच्या घरी राबायचं. नाहीतर ‘हरवाही’, म्हणजे तो बोलवील तेव्हा त्याच्या शेतात आधी नांगर धरायचा. कागद बंगालीत, हिशेब महाजनाच्या वहीत, अंगठा संथाळाचा. बापाचं कर्ज मुलाच्या आणि मुलाचं नातवाच्या मानेवर. कोर्ट भागलपूरला, आणि जवळचा दारोगा महाजनाच्या ओसरीवर जेवायला बसलेला. यात रेल्वेची भर पडली. ठेकेदारांची माणसं गावात शिरून कोंबड्या-बकऱ्या फुकट उचलायची, बायकांवर हात टाकायची.

लोकांनी अर्ज केले होते. १८५४ मध्ये बीरसिंग मांझीसारख्यांनी महाजनांची घरं लुटायला सुरुवात केली, तेव्हा पकडले गेले ते संथाळ. महाजनांना कुणी जाब विचारला नाही.

दुपारी पंचकठियाला गेलो. रस्त्याकडेला मोठा वड, त्याच्याभोवती कठडा, शहिदांचं स्मारक. ७ जुलै १८५५ रोजी दिघी ठाण्याचा दारोगा महेशलाल दत्त इथे आला होता. जमाव जमवल्याबद्दल संथाळांच्या म्होरक्यांना चोरीच्या आरोपाखाली बांधून न्यायचा त्याचा बेत होता. हूलचे म्होरके सिदो आणि कान्हू मुर्मू या भावांनी आधी बोलणं केलं. दारोगा मागे हटेना, तेव्हा त्याला इथेच ठार केलं, त्याच्याबरोबरची माणसंही मारली गेली. त्या दिवसापासून मागे फिरायची वाट बंद झाली. पुढे सिदोला पकडल्यावर याच वडाला फाशी दिली, असं इथली माणसं सांगतात. झाडापाशी चप्पल काढूनच जातात. आम्हीही काढल्या.

वडाजवळ एक म्हातारे गृहस्थ बसले होते. गुरुजींनी ओळख करून दिल्यावर त्यांनी ‘जोहार’ केला आणि विचारलं, ‘‘तुमच्याकडे पण महाजन होते?’’ मी राघोजींची गोष्ट सांगितली. नाक कापल्याचं ऐकून त्यांनी ती गोष्ट संथाळीत आजूबाजूच्यांना पुन्हा सांगितली. माझ्यापेक्षा त्यांचं सांगणं जास्त रंगलं.

१३ जानेवारी, भोगनाडीह

आज दिवसभर भोगनाडीह. बरहेटपासून जवळच. गावात शिरताना पुतळे, मैदान, कमानी आहेत. ३० जूनला, हूल दिवशी, इथे लाखभर पावलं उमटतात, मंत्री येतात, भाषणं होतात. जानेवारीत मात्र गाव आपल्या सणात बुडालेलं होतं आणि आम्हांला तेच हवं होतं.

संथाळ गाव म्हणजे एक लांब सरळ रस्ता, कुल्ही, आणि दोन्ही बाजूंना घरं. असा नीटनेटकेपणा मी फार थोड्या गावांत पाहिला आहे. मातीच्या भिंती हातानं इतक्या गुळगुळीत सारवलेल्या की घोटलेल्या वाटाव्यात. खाली काळा पट्टा, वर गेरू, पिवळी माती, पांढरी माती. सोहरायसाठी बायकांनी सगळं ताजं रंगवलेलं. गावाच्या मध्यावर मांझीथान, गावाच्या पहिल्या मांझीची, म्हणजे प्रमुखाची, जागा. गावाबाहेर सखुआच्या, म्हणजे सालवृक्षाच्या, झाडांत जाहेरथान, देवांची राई. आपल्याकडच्या देवराईसारखीच तिथली शांतता, तिथलं एक पानही कुणी तोडत नाही. सोहरायचा आजचा दिवस गुरांचा. कुल्हीत खुंट पुरून बैल बांधतात, शिंगांना तेल, गळ्यात भाताच्या लोंब्यांची माळ, आणि तामाक-तुमदाक या ढोल-नगाऱ्यांच्या गजरात त्याला डिवचून खेळवतात. बैल उधळला की सगळं गाव मागे सरतं आणि हसतं. बैल आणि नांगर यांच्या जोरावर ज्यांनी हा मुलूख घडवला, त्यांनी वर्षातला मोठा सण गुरांना द्यावा यात नवल काहीच नाही.

चुन्नी मांझींचं घर या गावातलं. सिदो, कान्हू, चांद, भैरव हे चार मुलगे आणि फुलो, झानो या मुली. मुर्मू घराणं. वंशज आजही इथे राहतात, पण सणाच्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन प्रश्न विचारणं आम्हांला योग्य वाटलं नाही.

मैदानाच्या कडेला बसून गुरुजींनी ३० जून १८५५ चा दिवस सांगितला. आधी गावोगाव सखुआच्या फांद्या फिरल्या. फांदी आली की गाव निघणार, हा रिवाज. चारशे गावांतून दहा हजारांच्या आसपास माणसं इथे जमली. सिदो-कान्हूंनी सांगितलं की ठाकूर, म्हणजे देव, आम्हांला दिसला, त्यानं पांढऱ्या कोऱ्या कागदांचं पुस्तक आमच्या हाती दिलं. मला यात अंधश्रद्धा दिसत नाही. ज्या लोकांचं आयुष्य दुसऱ्यानं लिहिलेल्या कागदानं उद्ध्वस्त केलं, त्यांच्या देवानं त्यांना कोरा कागद द्यावा आणि आता तुमचं तुम्ही लिहा म्हणावं, याहून नेमकं दुसरं काय असू शकतं?

आणि त्यांनी खरोखरच लिहिलं. ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण आदिवासींचा उठाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नुसता संतापलेला जमाव येतो. त्या सभेनंतर किर्ता, भादू आणि सुन्नो मांझी यांनी पत्रं लिहिली. सरकारला, भागलपूरच्या कमिशनरला, कलेक्टर-मॅजिस्ट्रेटना, दिघी आणि राजमहालच्या दारोग्यांना, जमीनदारांना. पंधरा दिवसांत उत्तर द्या, अशी मुदत घातली. कर किती घ्यायचा, व्याज किती असावं, हेसुद्धा ठरवून सांगितलं. मोठा जथा कलकत्त्याच्या वाटेला लागला तो गाऱ्हाणं थेट लाटसाहेबाच्या कानावर घालायला. उत्तर म्हणून आला तो पंचकठियाचा दारोगा, हातात दोर घेऊन.

हूल फक्त संथाळांचा नव्हता, हेही इथेच नीट समजलं. लोहार बाणांची पाती घडवून देत होते. कुंभार, तेली, गवळी, डोम, विणकर मोमीन, चांभार बरोबर होते. सिदो-कान्हूंनी त्यांना हात लावू नका, असं बजावलं होतं. नंतर ज्यांच्यावर खटले झाले त्यांतल्या २५१ जणांची मोजणी उपलब्ध आहे. ते ५४ गावांतले. त्यांत संथाळ १९१, बाकीचे नया, डोम, धांगड, कोल, भुइया, एक गवळी, एक रजवार. आणि त्या २५१ मध्ये नऊ-दहा वर्षांचे ४६ मुलगे होते. कंपनीच्या कोर्टानं त्या पोरांनाही शिक्षा सांगितली. हा आकडा ऐकल्यावर मैत्रीण उठून बाजूला गेली. ती चौथीच्या वर्गाला शिकवते.

संध्याकाळी एका घरी आग्रहानं नेलं. ओसरीवर पाणी भरलेला लोटा ठेवून वाकून जोहार केला, ही पाहुण्यांची रीत. मग जिल पिठा आला, तांदळाच्या पिठात मांस घालून सखुआच्या पानांत भाजलेला, आणि पानांच्या द्रोणात हंडिया, म्हणजे तांदळाची दारू. घरातल्या मोठ्या बाईंना मी फुलो-झानोबद्दल विचारलं. दोघी बहिणी रात्री शत्रूच्या छावणीत शिरल्या आणि फरशीनं एकवीस शिपाई कापले, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या आजीनं त्यांना असंच सांगितलेलं. इंग्रजांच्या दफ्तरात या दोघी कुठे सापडायच्या! ओसरीवर ऐकलं तेव्हा मला पुराव्याची गरज वाटली नाही. नात्यातल्या बाईबद्दल बोलावं तशी ती बाई बोलत होती.

१४ जानेवारी, सकरात

घरी आज तिळगूळ. आमच्या पिशवीतला एक डबा गुरुजींच्या घरी दिला, एक कुल्हीत पोरांना वाटला.

इथे आज सोहरायचा शेवटचा दिवस, सकरात. पुरुष सकाळीच धनुष्यबाण घेऊन शिकारीला जातात. आता जंगल उरलं नाही, शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे जाणं नावापुरतंच. खरी मजा ते परतल्यावर. गावाबाहेरच्या शेतात केळीचं खोड उभं करतात आणि बऱ्याच लांबून एकेक जण त्यावर बाण सोडतो. आधी मांझी, मग पुजारी नायके, मग बाकीचे. ज्याचा बाण लागतो त्याला खांद्यावर घेऊन तामाक वाजवत गावात आणतात. आज नेम लागला तो विटांच्या भट्टीवर काम करायला बंगालात जाणाऱ्या एका विशीतल्या मुलाचा. सणापुरता घरी आलेला. त्यानं मलाही धनुष्य हातात दिलं. बांबूचं, बांबूच्याच सालीची दोरी. दोरी निम्मीच ओढली गेली. या धनुष्याला जोर लागतो आणि ते लहानपणापासूनच हाती यावं लागतं.

अशा बाणांसमोर काय काय आणलं गेलं ते दुपारी शेताच्या बांधावर बसून वहीत लिहून काढलं. सुरुवात संथाळांच्या बाजूनं झाली. १६ जुलैला पीरपैंतीजवळ मेजर बरोज यांच्या तुकडीचा त्यांनी पराभव केला. त्या तुकडीत भागलपूर हिल रेंजर्स होते, म्हणजे पहाडियांतून भरती केलेलं दल. डोंगरातल्या माणसांना डोंगरातल्याच माणसांसमोर उभं केलेलं. बीरभूममध्ये सिउडीच्या अधिकाऱ्यांना टपालवाल्याकडून तीन पानांची सखुआची डहाळी पोचली. एक पान म्हणजे एक दिवस, तीन दिवसांत आम्ही येतो. सिउडीत पळापळ झाली. मग पलटणी आल्या. महेशपूरला संथाळांची मोठी हार झाली. मुर्शिदाबादच्या नवाबानं कंपनीला हत्ती दिले, त्या हत्तींनी गावंच्या गावं तुडवली. म्होरक्यांच्या डोक्यावर दहा हजार रुपयांपर्यंत इनाम लागलं. १० नोव्हेंबर १८५५ ला लष्करी कायदा पुकारला, तो ३ जानेवारी १८५६ ला उठला. सिदो पकडला गेला. चांद आणि भैरव भागलपूरच्या बाजूला लढताना पडले. कान्हू जामताडाकडे सापडला, त्याला १८५६ च्या फेब्रुवारीत फाशी झाली. मेलेल्यांचा अंदाज पंधरा ते वीस हजार.

मेजर जर्व्हिस नावाचा अधिकारी या मोहिमेत होता. त्यानं नंतर जे सांगितलं ते छापलेलं आहे. तो म्हणतो, हे युद्धच नव्हतं. शरण जाणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा नगारा वाजत असेपर्यंत ते उभे राहून गोळ्या झेलायचे. एका मातीच्या घरात पंचेचाळीस संथाळ शिरले होते. शिपायांनी शरण या म्हणून सांगितलं की दार किलकिलं व्हायचं आणि आतून बाण यायचे. पुन्हा गोळीबार, पुन्हा हाक, पुन्हा बाण. बाण कमी कमी होत गेले. शेवटी आत शिरले तेव्हा प्रेतांमध्ये एकच म्हातारा उभा होता. एक शिपाई शस्त्र टाक म्हणत पुढे गेला, तर म्हाताऱ्यानं फरशीचा घाव घालून त्याला पाडलं. या मोहिमेत स्वतःची लाज वाटली नाही असा एकही शिपाई नव्हता, असं जर्व्हिसनं म्हटलं आहे. शिकारीत संथाळ विषारी बाण वापरत, पण लढाईत माणसांवर त्यांनी विषारी बाण सोडले नाहीत, हेही इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे.

वही मिटली तेव्हा कुल्हीत नाच सुरू झाला होता. बायकांनी हात धरून आम्हां दोघींना रांगेत ओढलं.

१५ जानेवारी, लिट्टीपाडा, अमडापाडा, दुमका

साहिबगंजहून गोविंदपूरला जाणारा मोठा रस्ता बरहेटवरून लिट्टीपाडा, अमडापाडा, गोपीकांदर, काठीकुंड करत दुमक्याला उतरतो. गुरुजींच्या भाच्याची गाडी ठरवली. लिट्टीपाड्यापर्यंत डोंगर हिरवे, मग अमडापाड्याला कोळसा. खाणीतून पाकूरच्या दिशेनं जाणारे ट्रक, रस्त्याकडेच्या पानापानावर काळी पूड. दामिनचे जुने दगडी खांब गेले, पण या डोंगरांतून बाहेर जाणारा माल थांबलेला नाही.

दुमक्यात सिदो-कान्हू मुर्मू विद्यापीठ आहे, १९९२ सालचं. फुलो-झानोंच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. ज्या दोघी बहिणींचं नाव कुठल्या दप्तरात नव्हतं, ते आता डॉक्टरांच्या पदवीवर छापलं जातं. ओसरीवरच्या बाईंना हे सांगायला हवं होतं असं वाटलं. मग वाटलं, त्यांना ठाऊक असणारच.

आम्ही दुमक्याला आलो ते मुख्यतः कचेरीपाशी बसणाऱ्या, गुरुजींच्या ओळखीच्या एका वकिलांना भेटायला. हूलनंतर काय झालं, हे त्यांच्याकडून ऐकायचं होतं. माणसं मारून झाल्यावर कंपनीला कळून चुकलं की जुन्या पद्धतीनं हा मुलूख चालणार नाही. १८५५ च्या ३७ व्या कायद्यानं भागलपूर आणि बीरभूममधून तोडून संथाळ परगणा नावाचा वेगळा जिल्हा केला. नेहमीचे कायदे इथे लागू नाहीत, दारोगा नाही, गावाचा कारभार मांझी आणि परगणैतांकडे, म्हणजे अनेक गावांच्या प्रमुखांकडे. महाजन परत आले, जमिनी पुन्हा जाऊ लागल्या, पुन्हा असंतोष झाला आणि १८७२ चा जमीनविषयक नियम आला. त्या सगळ्याच्या पायावर १९४९ चा संथाळ परगणा कूळ कायदा उभा आहे. त्याचं कलम २० म्हणतं की रयतेला आपली जमीन विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, बक्षीस देता येणार नाही. अपवाद फार थोडे.

‘‘दीदी,’’ वकील म्हणाले, ‘‘लोक म्हणतात सरकारनं दिला. सरकारनं नाही दिला.’’ एवढंच म्हणून त्यांनी पुढची फाइल उघडली.

हा कायदा सैल करायचा प्रयत्न अगदी अलीकडे झाला. २०१६ मध्ये झारखंड विधानसभेनं दुरुस्ती मंजूर केली, शेतजमीन बिगरशेतीसाठी वापरता यावी म्हणून. गावोगाव मोर्चे निघाले. २०१७ मध्ये राज्यपालांनी विधेयक परत पाठवलं आणि ते मागे पडलं. त्या राज्यपाल होत्या द्रौपदी मुर्मू, स्वतः संथाळ, आज देशाच्या राष्ट्रपती. अर्थात या कायद्यामुळे बँका कर्ज देत नाहीत, अशी तक्रार करणारी तरुण मुलंही दुमक्यात भेटली आणि ती तक्रार खोटी नाही. पण अमडापाड्याचा रस्ता नुकताच पाहून आल्यावर, हे कुंपण काढलं तर काय उरेल, हे मला स्पष्ट दिसतं. कुंपण ठेवून कर्जाची सोय सरकारनं करावी. ते त्याचं काम आहे.

१६ जानेवारी, जामताडा, टुंडी, धनबाद

शेवटचा टप्पा लांबचा, पण रस्ता चांगला. मसानजोरचं धरण बाजूला राहिलं, जामताड्यात चहा घेतला. जामताड्याचं नाव हल्ली लोक फोनवरच्या फसवणुकीसाठी घेतात. कान्हू याच भागात पकडला गेला, हे कुणाला आठवत नाही.

टुंडीला मुद्दाम थांबलो. हूलला एकशेवीस वर्षं होत आली होती, देश स्वतंत्र होऊन पाव शतक उलटलं होतं, आणि इथे पुन्हा तोच महाजन, तेच व्याज, तीच गहाण पडलेली शेतं होती. १९७० च्या दशकात शिबू सोरेन यांच्या पुढाकारानं इथे धान कटनीचं आंदोलन झालं. महाजनानं बळकावलेल्या शेतातलं भात बायका विळ्यांनी कापायच्या आणि पुरुष कडेला धनुष्यबाण घेऊन उभे राहायचे. नगारा वाजला की आजूबाजूची गावं धावून यायची. चहाच्या टपरीवरच्या एका वयस्क बाईनं ते भात स्वतः कापलं होतं. किती पोती निघाली, कुणाच्या घरात ठेवली, सगळं तिला आठवतं. शिबू सोरेनना लोक दिशोम गुरू, म्हणजे देशाचे गुरू, म्हणू लागले ते या शेतांमधून. त्यांच्या पुढच्या राजकारणाबद्दल टपरीवर दोन मतं होती. भातकापणीबद्दल एकच.

धनबाद स्टेशनच्या बाहेर सामान उतरवताना गुरुजींच्या भाच्यानं विचारलं, तुमच्याकडे आदिवासीची जमीन दुसऱ्याला घेता येते का? मी सांगितलं, आमच्याकडेही कायदा आहे. बिगर आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्याची आणि सरकारची परवानगी लागते. १९७४ च्या कायद्यानं गेलेल्या काही जमिनी परतही मिळाल्या. तरी डोंगराकडेला बंगले आणि रिसॉर्ट उभे राहतातच.

‘‘परवानगी मिळते?’’

‘‘मिळवतात.’’

‘‘आमच्यात आदिवासीलासुद्धा विकता येत नाही,’’ तो म्हणाला. मग त्यानं ३० जूनला पुन्हा या म्हणून सांगितलं. त्या दिवशी बरहेटला जागा मिळत नाही, आधी फोन करा, आमच्या घरी उतरा. आणि तुमच्या त्या राघोजींचा फोटो असेल तर घेऊन या, मामा शाळेत लावतील.

गाडी साडेसातची होती. नंबर लिहून घेतला.